सरांचं चुंबक आणि आक्कांचा बुधवार

सरांच्या घरात सकाळी 'चहा झाला का' असं कुणी विचारत नसे. मी जिन्यावरून खाली उतरले की ओटीवरून पहिला प्रश्न यायचा, "काय बाई, काल रात्रीचं कुठवर पोचलं?" वरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन मला जेमतेम आठवडा झाला होता, तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा कानावर आला. रात्रीची कुठली चिठ्ठी किंवा पार्सल असेल असं समजून मी म्हटलं, अजून काही आलेलं नाही. सरांनी चिंतेने मान हलवली आणि आतून मला इसबगोलाची बाटली आणून दिली.

प्रश्न जेवणाबद्दल होता, हे मग आक्कांनी समजावलं. आक्का म्हणजे सरांची मोठी बहीण. मांडवीच्या त्या घरात दोघंच राहायची. सर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही, कारण त्यासाठी लागणारा वेळ त्यांनी दुसरीकडे खर्च केला, असं ते सांगत. मी मूळची मंडणगडकडची, बदलीने रत्नागिरीच्या शाळेत आलेली. नवरा नोकरीला मुंबईत. एकटीदुकटीला बरी म्हणून मी ही जागा घेतली, आणि माझ्या पोटात काय चाललंय याची माझ्याहून जास्त काळजी करणारा घरमालक मला मिळाला.

माणसाच्या पचनमार्गाला सरांनी रस्त्यावरची नावं दिली होती. जठर म्हणजे रत्नागिरीचा एसटी स्टँड. जठरातून बाहेर पडायचं दार म्हणजे हातखंबा. पुढे लहान आतडं, म्हणजे पाली, साखरपा आणि आंबा घाटाची वळणं. घाट चढला की मोठं आतडं, आणि कोल्हापूर आलं की प्रवास संपला. कोल्हापूरच्या लोकांनी यावर कधी हरकत घेतली नाही, कारण त्यांच्यापर्यंत हे कुणी पोचवलंच नाही. सरांच्या ओळखीची माणसं मात्र हळूहळू तयार झाली होती. बाजारात भेटलेला एखादा बागवाला सरांना न विचारताच सांगायचा, "सर, आज साखरप्याला अडकलंय." सर तिथल्या तिथे सल्ला द्यायचे आणि दोघं समाधानाने आपापल्या वाटेने जायचे.

हे नुसतं बोलणं होतं तोवर ठीक होतं. पण सरांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत पोटाचा डॉक्टर झाला होता आणि महिन्यातून एकदा रत्नागिरीला पेशंट तपासायला यायचा. त्याच्याकडे एक यंत्र होतं आणि ते वापरून निरनिराळ्या माणसांच्या नोंदी त्याला हव्या होत्या. यंत्र म्हणजे एक गोळी आणि एक पट्टा. गोळी साधारण शेंगदाण्याएवढी, आत चुंबक, बाहेर गुळगुळीत कवच. ती गिळायची, पट्टा पोटावर बांधायचा आणि पडून राहायचं. आत गोळी हलली की पट्ट्याला ते कळतं आणि लॅपटॉपवर एक ठिपका हलतो. जठर आकुंचन पावतं तसा तो मिनिटाला तीनेक वेळा डोलतो, आणि लहान आतड्यात शिरला की त्याची चाल बदलते, पावलं घाईची पडतात. सुई नाही, नळी नाही, क्ष-किरण नाहीत. डॉक्टरने एवढंच बजावलं की एका वेळी पोटात एकच गोळी. दोन चुंबकं आत एकमेकांना भेटली तर मधल्या आतड्याचा चिमटा होतो, आणि मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. म्हणून गोळ्या तो स्वतःच्या हाताने मोजून द्यायचा. सरांचा त्याला तेवढा अनुभव होता.

पहिली गोळी सरांनीच गिळली, हे सांगायला नको. त्या दिवसांत ते कॉलेजातलं जुनं होकायंत्र खिशात घेऊन फिरायचे. सकाळी उठून ते पोटासमोर धरायचे. सुई पोटाकडे वळली तर गोळी अजून आत आहे, उत्तरेकडे राहिली तर बाहेर पडली. तीन सकाळी रत्नागिरीची उत्तर दिशा सरांच्या पोटात होती. चौथ्या सकाळी ती आपल्या जागी परत गेली, तेव्हा सरांनी शेजारच्या चार घरांत ही बातमी स्वतः जाऊन सांगितली.

मग आली लोखंडबंदी. पट्ट्याला आसपासचं लोखंड चालत नाही, म्हणून मधल्या खोलीतून लोखंडी कपाट गेलं, पत्र्याची ट्रंक गेली, खाट जाऊन तिथे जुना सागवानी पलंग आला. स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच होतं, त्यामुळे आक्कांचा घावन्यांचा बिडाचा तवा परसात तुळशीमागे जाऊन बसला. त्या खोलीत शिरणाऱ्याने किल्ल्या, मोबाइल, कमरेचा पट्टा आणि केसातल्या पिना बाहेर काढून ठेवायच्या. चपला घालून गेलात तरी चालायचं. सर देव मानत नव्हते. देवळाच्या पायरीवर त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं आणि सोवळ्याओवळ्यावर ते तासभर बोलू शकत. पण त्यांच्या मधल्या खोलीइतकं कडक सोवळं मी कुठल्या देवघरातही पाहिलेलं नाही. मी हे एकदा आक्कांपाशी बोलले तर त्या हसून म्हणाल्या, "अगो, मी ओलेत्याने पूजा करत असे तेव्हा हाच मला हसायचा. आता बघ शिंच्याला."

माणसं मिळवण्यात सरांना अडचण आली नाही. आमच्याकडे स्वतःच्या पोटाबद्दल बोलायला नको म्हणणारा माणूस विरळा, आणि इथे तर ते फुकट बघायला मिळत होतं. अडचण वेगळीच आली. रिकाम्या पोटी या असं सर सांगत, आणि माणसं अगदी प्रामाणिकपणे उपास करून येत. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर दाण्याचा लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण सरांनी त्या महिन्यात पट्ट्यावर सिद्ध करून दाखवली. तेव्हापासून 'उपास' हा शब्द ऐकला की ते तापायचे.

माझीही पाळी आली. मी टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण सर ज्या चिकाटीने मागे लागायचे त्यापुढे गोळी गिळणं सोपं होतं. नोंद झाली, पट्टा सुटला, आणि दुसऱ्या दिवशी मी पोटात चुंबक घेऊन शाळेत गेले. नेमकं तेव्हा विज्ञान प्रदर्शन. पाचवीची एक चुणचुणीत मुलगी होकायंत्र घेऊन मला दिशा समजावायला माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, आणि सुई फिरून माझ्याकडे बघायला लागली. तिने ते हलवलं, पुसलं, पुन्हा धरलं. शेवटी म्हणाली, "बाई, तुम्ही उत्तर आहात." शिक्षकाला याहून मोठा मान कुठला मिळणार, म्हणून मी गप्प बसले.

सरांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. "मापल्याशिवाय बोलू नये." औषधवाल्याला, राजकारणावर बोलणाऱ्याला, आंब्याच्या मोहोराचा अंदाज सांगणाऱ्याला, सगळ्यांना ते हेच ऐकवायचे. आणि दुसरं वाक्य होतं, "चूक सापडली की मला भूक लागते." हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

झालं असं की, पाच-सहा जणांच्या नोंदी पाहताना सरांना दिसलं की प्रत्येकाच्या जठराने दिवसातून एखाद-दोनदा मोठी उसळी घेतली आहे. वेळ रोज थोडी पुढे सरकलेली. सरांनी भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं, शेजारी ठेवलं, आणि ताठ झाले. समुद्राच्या काठी राहणाऱ्या माणसाचं जठर भरतीबरोबर चढतं, असा सिद्धान्त मांडवीत जन्माला आला. वाचनालयात त्यांचं व्याख्यान झालं. अध्यक्षांनी समारोपात सांगितलं की आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. पुढचा महिनाभर गावात कुणी भरतीच्या वेळी जेवायला बसेना. मग एका दुपारी पट्टा बांधून सर स्वतः पलंगावर पडलेले असताना ठिपका उडाला आणि त्याच क्षणी घराच्या मागे एक टेम्पो थांबल्याचा आवाज आला. भरतीला होड्या बंदरात येतात, होड्या आल्या की बर्फाचे आणि मासळीचे टेम्पो येतात, आणि मागच्या बोळात सावली असल्यामुळे ते सरांच्या भिंतीला चिकटून उभे राहतात. जठर कुणाचंच उसळत नव्हतं. टेम्पोचं लोखंड तेवढं जवळ येत होतं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. सर संध्याकाळी वाचनालयात गेले, उभं राहून सगळ्यांना टेम्पोची हकिगत सांगितली आणि घरी येऊन सात घावने खाल्ले. अध्यक्ष मात्र पूर्वजांना ठाऊक होतं यावर शेवटपर्यंत ठाम राहिले. त्या दिवसापासून सर मला आवडायला लागले, हे मी सरळ सांगते. आपली चूक असं हसतमुखाने जेवणारा माणूस मी शिक्षण खात्यात तरी पाहिलेला नाही.

पण घरातली एक गोष्ट ते कधी मापत नव्हते, आणि बोलत मात्र रोज होते. ती म्हणजे आक्कांचे उपास.

सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा आणि रविवार सूर्याचा. चतुर्थी, एकादशी, प्रदोष हे वर आणखी. उपासालाही साबुदाणा नाही, रताळं नाही. कपभर दूध, अर्धं केळं, आमसुलाचं सार, आणि संध्याकाळी उपास सोडायचा म्हणून भाताचे दोन घास. देहयष्टी अशी की वाऱ्याने उडेल. आळीतल्या बायका त्यांना वाकून नमस्कार करायच्या. एवढं कडक व्रत आजकाल कोण करतं, असं म्हणायच्या. आक्का काही बोलायच्या नाहीत.

सरांना हे सगळं थोतांड वाटायचं. आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि घरातच हा अंधार, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. आठवड्यातला एकच वार मोकळा होता, बुधवार. म्हणून बुधवारी सर सणाचा स्वयंपाक करवून घ्यायचे. वालाची उसळ, फणसाची भाजी, वरणभात, सांदण. स्वतः वाढायला उभे राहायचे. आक्कांच्या पानात भाताचा डोंगर घालायचे, आणि तो संपेपर्यंत समोर बसून अन्नातल्या शक्तीचं गणित समजावायचे. हे प्रेम होतं, यात शंका नको. कोकणात प्रेम पानातच वाढतात. आक्का खाली मान घालून जेवायच्या, आणि बुधवारी रात्रभर त्यांच्या खोलीतला दिवा जळत असायचा. मी विचारलं तर म्हणायच्या, जप करते.

मालगुंडच्या चुलतभावाकडून मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं, तेव्हा वादाला तोंड फुटलं. लग्न बुधवारचं होतं. सरांनी जाहीर केलं की आक्का पंगतीत बसून नीट जेवणार, आणि तिथून पुढे सगळे उपास बंद. आक्का पहिल्यांदा उसळून बोलल्या की माझं पोट मला सांभाळू दे. मग सरांनी पैज घातली. आक्काने गोळी गिळायची. जठर चांगलं चालतं असं दिसलं तर खायला काहीच आडकाठी नाही. दोन वेळा पोटभर जेवायचं आणि देवांना रजा द्यायची. जठर बिघडलेलं दिसलं तर उपासाला ते जन्मात नावं ठेवणार नाहीत.

मला वाटलं आक्का झिडकारून लावतील. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि हो म्हणाल्या.

आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी न्यायला गेले, तर त्या चुलीशी नुसत्याच उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "त्या यंत्राला सगळं दिसतं का गो?" मी म्हटलं, गोळी कुठे आहे आणि कशी हलते तेवढं दिसतं. त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाल्या, "माझे उपास काढून घेतलेन ना, तर मी जगायची नाही." भाविक बाई, असं बोलणारच, असं मला वाटलं.

बुधवारी सकाळी मधली खोली तयार झाली. मऊ भात, तूप, मेतकूट, असं मोजून दिलेलं जेवण आक्कांनी कसंबसं संपवलं आणि गोळी गिळली. पट्टा बांधला, ठिपका पडद्यावर आला. सर उत्साहाने त्याच्यासमोर बसले आणि मला प्रवासाची माहिती द्यायला लागले. गाडी स्टँडवर आहे. आता डोलेल. आता बघा हं, डोलेल.

ठिपका डोलेना. अगदी जवळ जाऊन पाहिलं तर किंचित थरथरायचा आणि पुन्हा बसायचा. सरांनी मागच्या बोळात जाऊन टेम्पो नाही ना ते पाहिलं. माझ्या केसात विसरलेली एक पिन सापडली, ती त्यांनी स्वतः अंगणात नेऊन ठेवली. तरी तेच. त्यांना जांभ्याच्या भिंतीचा संशय आला, कारण जांभ्यात लोह असतं. म्हणून आक्कांसकट पलंग खोलीच्या मध्यावर ओढला. डॉक्टरने पुढच्या माणसासाठी मोजून दिलेली गोळी हातात धरून बाजूच्या खोलीतून हलवली, तर पट्टा व्यवस्थित सांगत होता. बाराच्या सुमाराला सर म्हणाले, आता हातखंबा येईल. तीनला म्हणाले, उशीर होतो कधी कधी. दिवेलागण झाली. सकाळचा भात आणि गोळी होती तिथेच होती.

तो डॉक्टरचा रत्नागिरीचा दिवस होता. दवाखाना आटोपून तो आला, पडद्याकडे पाहिलं, आणि लॅपटॉप बाजूला सारून आक्कांशी बोलायला बसला. दोन घासांत पोट भरतं का? भरतं. रात्री मळमळतं? उलटी होते, आणि त्यात सकाळचं अन्न तसंच दिसतं? आक्कांनी सरांकडे पाहिलं आणि होय म्हणाल्या. कधीपासून? लग्न झालं त्या वर्षी विषमज्वर झाला होता, तेव्हापासून.

डॉक्टर म्हणाला की मुंबईला आणून दुर्बिणीने आत काही अडथळा नाही ना हे पाहावं लागेल. पण नोंद आणि लक्षणं बघता जठर जवळजवळ हलतच नाही. हा आजार आहे, त्याला नाव आहे. यात मनाचे खेळ नाहीत.

सर शिक्षकी आवाजात म्हणाले की इतकी वर्षं उपास केले, त्यानेच हे झालं असणार.

आक्का उठून बसल्या. पट्टा अजून पोटावर होता. त्यांचा आवाज चढला नाही.

"उलट आहे रे ते. आधी पोट थांबलं. सासरी म्हणायचे, सून अन्नाला नावं ठेवते, नाटकं करते. सासूबाई समोर बसून जेवायला लावायच्या आणि मी मागीलदारी जाऊन ओकायची. एका सोमवारी सहज म्हटलं, आज उपास आहे. तर कुणी काही बोललंच नाही. सासूबाईंनी उलट माझ्यासाठी दूध तापवलंनी. मग मी मंगळवार धरला. मग गुरुवार. तरी बाकीच्या वारांनी सासर तुटलंच. इथे आल्ये, तर तू वाढायला उभा."

"मला सांगायचंस," सर म्हणाले.

"सांगितलं होतं. तू म्हणालास, मनाचं आहे." त्यांनी पदर सारखा केला. "मला देवाचं काय रे, असला काय नि नसला काय. पण एक आहे. देव कधी आग्रह करत नाही."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आळीतल्या बायका ज्या व्रताला वाकत होत्या ते व्रत म्हणजे एका बाईने जिवंत राहायला शोधलेली युक्ती होती. आणि ती कुणाच्या ध्यानात आली नाही, कारण आपल्याकडे न जेवण्याला एकच कारण मान्य आहे.

सर पडद्यासमोर जाऊन बसले. स्वतःशीच म्हणाले, "मापल्याशिवाय बोललो." चूक सापडली होती, आणि सरांच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी असावी. त्या रात्री त्यांना भूक लागली नाही. आक्कांनीच त्यांना दोनदा विचारलं, आणि मग विचारायचं थांबल्या.

पुढचे काही दिवस सर रोज सकाळी होकायंत्र घेऊन आक्कांच्या समोर उभे राहायचे. ओवाळतोस की काय मला, असं आक्का विचारायच्या. सुई उत्तरेला गेली तेव्हा सरांनी या वेळी शेजारी बातमी दिली नाही. मुंबईला तपासणी झाली, औषधं सुरू झाली. डॉक्टरने सांगितलं की थोडं थोडं, पातळ आणि मऊ, दिवसातून पुष्कळदा. तेव्हापासून सर स्वतः पेज करायला शिकले. वाटीत चार चमचे घालायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे, म्हणजे खाणाऱ्यावर नजर पडायला नको. बिडाचा तवा तुळशीमागून परत आत आला. आता उपासांची गरज नाही, असं त्यांनी आक्कांना सांगितलं, आणि आक्कांनी एकेक वार सोडून दिला. बायकांना वाटलं, वय झालं, झेपत नसेल.

मग मालगुंडचं लग्न आलं. मलाही आमंत्रण होतं. सरांनी आक्कांच्या नोंदीचा कागद छापून खिशात घेतला होता. जो कुणी विचारेल त्याला दाखवायचा आणि समजावायचं, असा बेत होता. पंगत बसली. आक्का मध्ये, एका बाजूला सर, एका बाजूला मी. यजमानीण, म्हणजे सरांच्या वहिनी, खणखणीत बाई, जिलेबीचं ताट घेऊन स्वतः फिरत होत्या. आमच्यापाशी येईपर्यंत दुसऱ्या कुणी आक्कांच्या पानात मसालेभात, वरणभात, भाजी सगळं घालून गेलं होतं. सरांनी कागद काढला. जठर, आकुंचन, मंदावलेली गती, सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. वहिनींनी ते लक्ष देऊन ऐकलं, भावोजी फार हुशार असं कौतुक केलं, आणि आक्कांच्या पानात दोन जिलब्या घातल्या. एवढ्याने काही होत नाही, म्हणाल्या. आमच्या घरचं कार्य आहे, आज नाही म्हणायचं नाही. सरांनी कागदावरची सपाट रेघ बोटाने दाखवली. वहिनींनी तिसरी जिलेबी उचलली.

आक्का पानाकडे बघत होत्या. तो चेहरा मी इतक्या बुधवारी पाहिला होता की मला तो लगेच ओळखू आला. सरांनाही आला. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, तिचा उपास आहे."

वहिनींचा हात तिथल्या तिथे थांबला. आजूबाजूच्या चार माणसांनी माना वळवल्या. सरांच्या तोंडून हा शब्द असा निघालेला कुणी ऐकला नव्हता.

"उपास? अहो, मग पानात अन्न वाढलं ना मी."

"वाढणाऱ्यांनी विचारलं नाही."

"पण आज बुधवार. आक्कांचा बुधवार मोकळा असतो, आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. बुधवारचा कुठला हो देव?"

सरांनी आक्कांकडे पाहिलं.

"आग्रह न करणारा," ते म्हणाले.

वहिनींना काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी कानाला हात लावले, आक्कांचं पान स्वतः उचललं आणि आतून एक केळं आणि वाटीभर दूध आणून ठेवलं. आक्कांनी अर्धं केळं सोललं. पंगतीत ताक वाढून झालं, भाताचा शेवटचा फेरा झाला, माणसं हात धुवायला उठू लागली, तरी त्या सावकाश एकेक तुकडा खात होत्या. सरांचं पान केव्हाच रिकामं झालं होतं. आक्कांचं होईपर्यंत ते तिथेच बसून राहिले.